दोन ब्लँटायर



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही बोनस, महागाई भत्ता किंवा संप यांविषयी बोलणार अशी पुष्कळांची समजूत झाली असेल. आजचा विषय निराळा आहे. दोन देशांतील मिशनच्या शाळांनी एकमेकींशी जोडलेले आणि दीडशे वर्षे टिकलेले एक नाते आहे, त्याचा इतिहास आपणांपुढे मांडायचा आहे. एका टोकाला स्कॉटलंड, दुसऱ्या टोकाला मध्य आफ्रिकेतील मलावी, ज्याला १९६४ पर्यंत न्यासालँड म्हणत. दोन्ही देशांत ब्लँटायर नावाचे गाव आहे. पहिले ग्लासगोजवळचे जुने गिरणीगाव. दुसरे मलावीचे व्यापारी शहर, ज्याला पहिल्याचे नाव दिले गेले.

युनियनच्या माणसाला मिशनच्या शाळांशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आम्ही कॉलेजाची पायरी चढलो नाही. पाळी सुटल्यावर मोफत वाचनालयाच्या बाकावर बसून जे मिळाले ते वाचले. त्या वाचनात हा इतिहास हाती लागला आणि त्यात आम्हांला आमच्या धंद्यातला एक जुना प्रश्न दिसला. युनियनमध्ये दोन तऱ्हेचे पैसे येतात, वर्गणी आणि देणगी. वर्गणी देणारा चार आणे देतो, पण पावती मागतो, सभेत उभा राहून हिशेब विचारतो आणि चिटणीस नको असेल तर बदलतो. देणगी देणारा शंभर रुपये देतो आणि त्याला आपण हार घालतो. घेणारा मात्र हिशेब विचारू शकत नाही, त्याने आभार मानायचे असतात. दोन देशांच्या शाळांमधील नाते वर्गणीचे होते की देणगीचे, आणि एकातून दुसरे होऊ शकते का, एवढाच आजचा प्रश्न आहे.

गिरणीतला पोऱ्या

स्कॉटलंड हा डोंगराळ आणि एके काळचा गरीब देश. तेथील सुधारित ख्रिस्ती मंडळीने सोळाव्या शतकापासून एक आग्रह धरला, तो असा की प्रत्येकाला बायबल स्वतः वाचता आले पाहिजे. १६९६ साली तेथील पार्लमेंटने कायदा करून प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या गावहद्दीत, शाळा आणि शिक्षक असावा असे ठरवले. तो सर्वत्र सारखा पाळला गेला नाही. तथापि गरिबाचे पोर शिकले तर त्यात कोणाला नवल वाटू नये, असे वातावरण त्यातून तयार झाले.

ह्या वातावरणात डेव्हिड लिव्हिंग्स्टन जन्मला. साल १८१३, गाव ब्लँटायर. दहाव्या वर्षी तो कापसाच्या गिरणीत तुटलेले धागे जोडणारा पोऱ्या म्हणून लागला. सकाळी सहा ते रात्री आठ काम, मधे जेवणाखाण्याची सुटी, आणि त्यानंतर रात्रशाळा. पहिल्या आठवड्याच्या पगारातून त्याने लॅटिनच्या व्याकरणाचे पुस्तक घेतले आणि पुढे साच्यावर पुस्तक उघडे ठेवून येता-जाता एकेक वाक्य वाचले. गिरणीचा आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ह्या वाचनाची किंमत सांगायला नको. पुढे तो डॉक्टर आणि पाद्री झाला, आफ्रिकेत गेला, १८५९ साली न्यासा सरोवराच्या काठी पोहोचला आणि तेथील गुलामांच्या व्यापाराची वर्णने त्याने युरोपला कळवली. जगाने त्याला महान प्रवासी म्हटले. आपण आज त्याला रात्रशाळेचा विद्यार्थी म्हणून ध्यानात ठेवू, कारण ह्या कथेत प्रत्येक वळणावर एक शाळा उभी आहे.

मुंबई आणि नाशिक

ह्या नात्यात आपल्या मुलखाचाही वाटा आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. १८६४ साली लिव्हिंग्स्टन आपली 'लेडी न्यासा' ही लहानशी आगबोट स्वतः हाकीत झांजिबारहून मुंबईस आला. बरोबर चुमा आणि विकटानी नावाचे दोन आफ्रिकी मुलगे होते. गुलामांच्या तांड्यातून सुटलेले. त्यांना त्याने मुंबईतील फ्री चर्चच्या मिशन शाळेत डॉ. जॉन विल्सन यांच्या हवाली केले. ज्यांच्या नावाचे कॉलेज चौपाटीवर उभे आहे, तेच हे विल्सन. स्कॉटलंडची मंडळी १८४३ साली दुभंगली, सरकारी आश्रय सोडून निघालेल्यांनी फ्री चर्च स्थापले, आणि विल्सन त्यांच्याबरोबर बाहेर पडले. मुंबईची शाळा, दक्षिण आफ्रिकेतील लव्हडेलची शाळा आणि पुढे न्यासाकाठची शाळा ही एकाच मंडळीची अपत्ये आहेत.

दुसरा धागा नाशिकचा. आज नाशिकमध्ये शरणपूर रोड सर्वांना माहीत आहे. ते शरणपूर म्हणजे चर्च मिशनरी सोसायटी ह्या इंग्रज मिशनची वसाहत. अरबांच्या गलबतांवरून इंग्रजी आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईस उतरवली जात आणि त्यांपैकी काहींना शरणपूरला ठेवून अक्षरओळख व सुतारकी, लोहारकीसारखे धंदे शिकवले जात. १८६५ साली लिव्हिंग्स्टन पुन्हा मुंबईस आला तेव्हा त्याने येथून नऊ तरुण बरोबर नेले. १८७२ साली शरणपूरचे आणखी काही तरुण त्याला जाऊन मिळाले. त्यांत जेकब वेनराइट होता.

१८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियातील चितांबो गावी वारला. तेव्हा त्याच्याजवळ एकही गोरा माणूस नव्हता. त्याच्या माणसांनी त्याचे हृदय एका झाडाखाली पुरले, देह वाळवला आणि हजार मैलांहून अधिक वाट तुडवीत समुद्रकिनारी आणला. पुरताना प्रार्थना वाचली ती शरणपूरच्या वेनराइटने, झाडावर नाव आणि तारीख कोरली तीही त्यानेच. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. चुमा आणि त्याचा सोबती सुसी, ज्यांनी सारी वाट सांभाळली, त्यांचा मात्र झांजिबारला हिशेब चुकता करून त्यांना रजा देण्यात आली होती. लिव्हिंग्स्टनच्या एका मित्राने पुढे त्यांना विलायतेस बोलावले, पण तोवर अंत्ययात्रा होऊन गेली होती. ओझे वाहणाऱ्याला पगार मिळतो आणि समारंभात जागा मिळत नाही, हे आम्हां कामगारांना अपरिचित नाही.

शरणपूरच्या आफ्रिकी लोकांपैकी पुष्कळजण १८७५ च्या सुमारास पाद्री विल्यम प्राइस यांच्याबरोबर मोंबासाला गेले. तेथील नव्या वसाहतीला मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून फ्रियरटाउन हे नाव पडले आणि ही 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणवणारी मंडळी तेथे शिक्षक, कारागीर आणि उपदेशक झाली.

लव्हडेलहून न्यासाकाठी

लिव्हिंग्स्टनच्या अंत्ययात्रेनंतर महिन्याभराने, मे १८७४ मध्ये, फ्री चर्चच्या सभेत डॉ. जेम्स स्ट्यूअर्ट यांनी न्यासाकाठी एक संस्था काढावी अशी सूचना केली. स्ट्यूअर्ट हे लव्हडेलच्या शाळेचे मुख्य. तिथे काळी आणि गोरी मुले एका वर्गात शिकत असत. १८७५ साली पहिली तुकडी सुट्या भागांची आगबोट मजुरांच्या डोक्यावरून धबधब्यांच्या वर नेऊन सरोवरात उतरली. तिच्यात रॉबर्ट लॉज हे तरुण डॉक्टर होते. ॲबर्डीनच्या सुताराचे पुत्र आणि स्वतः सुतारकी शिकलेले. ते बावन्न वर्षे तेथे राहिले. १८७६ साली स्कॉटलंडच्या दुसऱ्या, सरकारमान्य मंडळीने दक्षिणेच्या उंचवट्यावर आपले ठाणे वसवले आणि त्याला लिव्हिंग्स्टनच्या जन्मगावाचे नाव दिले, ब्लँटायर.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ह्या कामाला गोऱ्या शिक्षकांइतकेच काळे शिक्षकही आले. लव्हडेलने १८७६ साली आपले चार कोसा तरुण पाठवले. एक तापाने परत गेला, एक वर्षभरात वारला. विल्यम कोई नावाचा तरुण मात्र टिकला. सरोवराच्या पश्चिमेला एन्गोनी नावाचे लढवय्ये लोक होते. मूळचे दक्षिणेचे, त्यामुळे त्यांची भाषा कोईच्या भाषेच्या जवळची. गोऱ्या डॉक्टरांना जे दुभाष्यामार्फत बोलावे लागे ते कोई थेट बोलू शके. एन्गोनींचा राजा म्म्बेल्वा शाळेला परवानगी देईना, तेव्हा कोई वर्षानुवर्षे त्या लोकांत राहिला. १८८६ साली परवानगी मिळाली, तेव्हा कोई मृत्युशय्येवर होता आणि ती बातमी ऐकून तो गेला. दोन देशांच्या शाळांची भागीदारी म्हणतात तिचा पहिला खरा भागीदार आम्ही ह्या माणसाला मानतो. मिशनच्या देणगीदारांच्या यादीत त्याचे नाव शोधून सापडणार नाही, कारण त्याने दिले ते आयुष्य.

ह्याच काळात दुसऱ्या टोकाला लाजिरवाणेही घडले. ब्लँटायरच्या ठाण्यात पहिल्या वर्षांत मिशनची माणसे न्यायाधीश होऊन बसली. चोरीच्या संशयावरून फटके मारले गेले, एकाला देहदंडही दिला गेला. १८८० साली त्याचा बभ्रा विलायतेत झाला, मंडळीने चौकशी बसवली आणि मुख्य पाद्र्यासह जबाबदार माणसांना काढून टाकले. चौकशी झाली ही जमेची बाजू. पण ती विलायतेतल्या छापील पुस्तिकेमुळे झाली. ज्यांच्या पाठीवर फटके पडले, त्यांना तक्रार करण्यास जागाच नव्हती.

पैसा कोणाचा?

१८९४ साली लॉज यांनी सरोवराच्या वर, खोंडोवे पठारावर, मोठी संस्था उभारण्यास घेतली. तेथे शिक्षक तयार होत, छापखाना चाले, सुतारकी, गवंडीकाम शिकवले जाई, दवाखान्याचे मदतनीस घडवले जात. त्या काळच्या मध्य आफ्रिकेत अशा शाळा थोड्याच होत्या. तिचे नाव ओव्हरटाउन इन्स्टिट्यूशन. हे ओव्हरटाउन कोण, हे आता सांगावे लागेल.

जॉन कॅम्पबेल व्हाइट, म्हणजेच लॉर्ड ओव्हरटाउन, हे ग्लासगोजवळच्या शॉफील्ड येथील मोठ्या रसायन कारखान्याचे मालक. कारखान्यात क्रोमचे क्षार तयार होत. लॉर्डसाहेब अतिशय धर्मशील; न्यासाच्या मिशनचे आधारस्तंभ; रविवारचा दिवस पाळावा आणि रविवारी ट्रामगाड्या चालू नयेत म्हणून झटणारे. १८९९ साली त्यांच्या कारखान्यात संप झाला आणि कीर हार्डी यांनी एक पुस्तिका छापली. हार्डी स्वतः दहाव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरलेले, रात्रशाळेत शिकलेले, मजूर पक्षाच्या जनकांपैकी एक; १९०७ साली ते हिंदुस्थानातही येऊन गेले. त्यांनी दाखवून दिले की ह्या कारखान्यात माणसे दिवसाला बारा तास, आठवड्याचे सातही दिवस, जेवणाची सुटी न घेता, तासाला तीन-चार पेन्सवर राबतात. क्रोमच्या धुरळ्याने त्यांच्या नाकाच्या पडद्याला भोके पडतात. आणि रविवारी ट्राम थांबवू पाहणाऱ्या मालकाची भट्टी रविवारी थांबत नाही. गदारोळ उठल्यावर काही सुधारणा झाल्या. पण न्यासाकाठच्या शाळेच्या नावात ओव्हरटाउन राहिले.

ह्यावरून ती शाळा खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. शाळेत शिकलेले अक्षर खरेच असते. आम्ही एवढेच विचारतो की त्या शाळेचा पैसा दिला कोणी? पावती लॉर्डच्या नावावर फाटली, पण त्यातला मोठा भाग शॉफील्डच्या मजुरांच्या नाकातून गेला होता. त्यात स्कॉटलंडच्या रविवारच्या शाळांतील मुलांनी टाकलेली पेनीपेनीची भरही होती. आणि तिसरा भाग न्यासाच्या गावकऱ्यांचा. गावोगावच्या शाळांच्या झोपड्या त्यांनी आपल्या हातांनी बांधल्या, शिक्षकाला धान्य दिले, पुढे फीही भरली. म्हणजे ज्याला सारे जग देणगी म्हणत होते, ते तळाशी तीन तऱ्हेच्या कष्टकऱ्यांची वर्गणी होती. फक्त वर्गणीदारांना एकमेकांची नावे माहीत नव्हती आणि हिशेबाच्या सभेत त्यांना कोणी बोलावले नव्हते.

निर्णय कोणाचा?

ह्या शाळांनी एका बाजूने साम्राज्याला वाट करून दिली. पोर्तुगीज पुढे सरकू लागले तेव्हा स्कॉटलंडच्या मंडळींनीच चळवळ करून तो मुलूख ब्रिटिश संरक्षणाखाली घ्यावा म्हणून सरकारला भाग पाडले. १८९१ साली तसे झाले. पाठोपाठ झोपडीवरचा कर आला. कर रोख भरायचा, गावात रोकड नाही, तेव्हा पुरुष माणसे ऱ्होडेशियाच्या आणि दक्षिण आफ्रिकेच्या खाणींकडे निघाली. वाचता-लिहिता येणारा न्यासाचा मजूर साऱ्या दक्षिण आफ्रिकेत कारकून, मुकादम, दुभाष्या म्हणून ओळखीचा झाला.

दुसऱ्या बाजूने ह्याच शाळांनी प्रश्न विचारणारी माणसे घडवली. प्रश्न प्रथम शाळेलाच विचारले गेले. मिशन आले १८७५ साली. पहिल्या तीन आफ्रिकी पाद्र्यांना दीक्षा मिळाली १९१४ साली. मधली एकोणचाळीस वर्षे 'अजून तयारी झाली नाही' हे उत्तर होते. येथेही नोकरीत कायम होण्याची वाट पाहणाऱ्या बदली कामगाराला हे उत्तर पाठ आहे. चार्ल्स डोमिंगो हा लिव्हिंग्स्टोनिया आणि लव्हडेल दोन्हींकडे शिकलेला बुद्धिमान शिक्षक वाट पाहून कंटाळला आणि स्वतंत्र शाळा काढायला बाहेर पडला. १९११ साली त्याने लिहिलेल्या पत्रकात मिशन, सरकार आणि कंपन्या ह्या तिघांची तोंडे एकाच दिशेला आहेत असा स्पष्ट आरोप आहे. १९१४ च्या तिघांपैकी येसाया म्वासी हेही १९३३ साली मंडळी सोडून गेले.

जॉन चिलेम्ब्वे यांची हकीगत आणखी दारुण आहे. ते अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील काळ्या लोकांच्या धर्मविद्यालयात शिकले आणि १९०० साली परत येऊन त्यांनी अमेरिकेतील काळ्या बॅप्टिस्टांच्या मदतीने शाळा काढल्या. ही भागीदारी मागच्यांहून निराळी होती, कारण पैसे पाठवणारेही गुलामगिरीतून सुटलेल्यांचे नातू-पणतू होते. शेजारी मागोमेरोचा मोठा मळा होता. तेथे कुळांना जमिनीच्या भाड्यापोटी मळ्यावर राबावे लागे, त्या वेठीला थंगाता म्हणत. मळ्याच्या हद्दीत शाळेला मनाई होती. मळ्याचा मालक होता अलेक्झांडर लिव्हिंग्स्टन ब्रूस, डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा सख्खा नातू. ज्याच्या नावाने शाळा उघडल्या, त्याच्याच नातवाने आपल्या जमिनीवर शाळा बंद ठेवल्या. जानेवारी १९१५ मध्ये चिलेम्ब्वेंनी बंड केले, मळ्याचा व्यवस्थापक मारला गेला, आणि दोन आठवड्यांत चिलेम्ब्वेही गोळीला बळी पडले.

शाळामास्तर ते युनियनचा चिटणीस

आमच्या आवडीचा माणूस आता येतो. क्लेमेंट्स कडाली १८९६ च्या सुमारास सरोवराकाठच्या बांडावेजवळ जन्मला, लिव्हिंग्स्टोनियाच्या शाळेत शिकून शिक्षक झाला आणि मग इतरांप्रमाणे दक्षिणेकडे निघाला. १९१८ साली तो केप टाउनला पोहोचला. जानेवारी १९१९ मध्ये त्याने इंडस्ट्रियल अँड कमर्शियल वर्कर्स युनियन स्थापली. पहिल्या रात्री चोवीस सभासद. त्याच वर्षी डिसेंबरात केप टाउनच्या गोदीत संप झाला. १९२७ सालापर्यंत युनियनचा दावा एक लाख सभासदांचा होता. गोदी कामगार, शेतमजूर, धोबी, घरगडी, साऱ्या दक्षिण आफ्रिकेतून. एवढी मोठी काळ्या कामगारांची संघटना त्या खंडात पूर्वी झाली नव्हती. तिचे पहिले भांडवल होते मिशनच्या शाळेतले इंग्रजी, पत्रव्यवहाराची सवय आणि सभा चालवण्याची रीत. मिशनने ही विद्या ह्या कामासाठी दिली नव्हती. पण विद्या एकदा हाती आली की ती कशाला वापरायची, हे शिकवणाऱ्याच्या हातात राहत नाही.

पुढचे प्रकरण आमच्या विषयाला अगदी लागून आहे. युनियन वाढली, हिशेबात गोंधळ झाला, तेव्हा विलायतेच्या मजूर चळवळीतील मित्रांनी १९२८ साली एक सल्लागार पाठवला. त्याचे नाव विल्यम बॅलिंजर, स्कॉटलंडच्या मदरवेलचा युनियनवाला. म्हणजे लॉर्ड नव्हे, पाद्री नव्हे, आपल्यातलाच कामगार. तथापि सहा महिन्यांत सल्लागार कोण आणि चिटणीस कोण असा तंटा उभा राहिला. बॅलिंजरच्या मते शिस्त आणि चोख हिशेब हवा होता. कडालीच्या मते सल्ला मागितला होता, मालक नव्हे. १९२९ च्या आरंभी कडाली बाहेर पडला, युनियन फुटली आणि पुन्हा कधी तशी उभी राहिली नाही. दोघांचेही काही चुकले असेल. आम्ही ह्यातून एवढेच घेतो की पाठवणारा कष्टकरी असला म्हणून नाते आपोआप समान होत नाही. करारात कोणाचा अधिकार कुठे संपतो हे आधी लिहून ठेवावे लागते.

पठारावरचे पांढरे दगड

एवढे सगळे असून हे नाते तुटले नाही, ह्याचे कारण १९५९ साली दिसले. १९५३ साली इंग्रज सरकारने न्यासालँडला गोऱ्या वसाहतवाल्यांच्या ऱ्होडेशियाशी जबरीने जोडले होते. लोकांनी विरोध केला. विरोध करणारी न्यासालँड आफ्रिकन काँग्रेस १९४४ साली निघाली, तिचे पहिले अध्यक्ष लेव्ही मुंबा हे लिव्हिंग्स्टोनियाचेच विद्यार्थी. डॉ. हेस्टिंग्ज बांडा हेही मिशनच्या शाळेतून निघालेले, एडिंबरोत डॉक्टरी शिकताना तेथील मंडळीचे वडीलही झालेले. ३ मार्च १९५९ रोजी आणीबाणी पुकारण्यात आली, शेकडोंना अटक झाली, आणि आणीबाणीच्या कारवाईत ५१ माणसे मारली गेली असे पुढे डेव्हलिन आयोगाने नोंदवले.

त्या दिवसांत सरकारी विमान लिव्हिंग्स्टोनियाच्या पठारावर आले आणि तेथील स्कॉटिश मंडळींना तेथून सोडवून नेण्याची तयारी चिठ्ठी टाकून कळवली. मंडळींनी उत्तर जमिनीवर दिले. पांढरे दगड मांडून त्यांनी बायबलमधील एका वचनाचा क्रमांक लिहिला, इफिसकरांस पत्र, अध्याय दोन, वचन चौदा. दोन लोकांमधली भिंत पाडल्याचे ते वचन आहे. आम्ही शेजाऱ्यांत आहोत, आम्हांला सोडवण्याची गरज नाही, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षी मे महिन्यात एडिंबरोला भरलेल्या स्कॉटलंडच्या मंडळीच्या महासभेत जॉर्ज मॅकलाउड यांनी न्यासाच्या लोकांची बाजू मांडली, आणि महासभेने आपल्याच देशाच्या सरकारविरुद्ध, आफ्रिकी लोकांच्या बाजूने कौल दिला. ६ जुलै १९६४ रोजी मलावी स्वतंत्र झाला.

देणगीदार देणगी घेणाऱ्यावर संकट आले की हळहळतो. १९५९ साली एडिंबरोच्या सभेने हळहळ व्यक्त करून घरी जाण्याऐवजी आपल्या सरकारशी भांडण घेतले. आमच्या भाषेत ह्याला पाठिंब्याचा संप म्हणतात आणि तो फक्त सभासद करतो.

स्वातंत्र्यानंतर मात्र बांडांचे एकपक्षीय राज्य आले आणि तीस वर्षे टिकले. त्या काळात बाहेरची मित्रमंडळी पुष्कळशी गप्प राहिली. शाळा चालू आहेत, दवाखाने चालू आहेत, तर कशाला बोला, असा तो हिशेब. मौन मोडले ते आतून. ८ मार्च १९९२ रोजी मलावीच्या कॅथलिक बिशपांनी सरकारवर टीका करणारे पत्र साऱ्या देवळांत वाचून दाखवले. एप्रिलात कामगार पुढारी चाकुफ्वा चिहाना परदेशातून परतताच विमानतळावर पकडले गेले. मे महिन्यात ब्लँटायरच्या कापड गिरणीतील कामगारांनी पगारासाठी संप केला, तो शहरभर पसरला, गोळीबारात माणसे मेली. त्यानंतर स्कॉटलंडच्या जुन्या संबंधातली मलावीची मंडळीही बोलू लागली. जून १९९३ मध्ये लोकमत घेतले गेले आणि मे १९९४ मध्ये निवडणूक झाली. एका ब्लँटायरच्या गिरणीतून हे नाते निघाले होते. शंभराहून अधिक वर्षांनी दुसऱ्या ब्लँटायरच्या गिरणीने त्या देशाला मत देण्याचा हक्क मिळवून देण्यात आपला वाटा उचलला.

आजचा करार

२००४ साली स्कॉटलंडमध्ये स्कॉटलंड मलावी पार्टनरशिप नावाची संस्था निघाली आणि ३ नोव्हेंबर २००५ रोजी दोन्ही सरकारांनी सहकार्याचा करार केला. तेव्हापासून स्कॉटलंडच्या शेकडो शाळा मलावीच्या शाळांशी जोडल्या गेल्या. मंडळींच्या शाळा आणि सरकारी शाळाही. मलावीने १९९४ साली प्राथमिक शिक्षण मोफत केले, वर्ग ओसंडून वाहू लागले, एकेका शिक्षकामागे साठ-सत्तर मुले ही तेथे नित्याची गोष्ट झाली. तेव्हा मदतीची गरज खरी आहे. दोन्ही बाजूंनी बसून अकरा तत्त्वेही लिहिली आहेत. त्यांत एकत्र योजना आखणे, पारदर्शक हिशेब, परस्परता आणि समानता ही आहेत. १८७५ साली असा कागद कोणाच्या स्वप्नातही नव्हता, म्हणून त्याचे मोल आम्ही कमी मानत नाही.

पण कागद झाला म्हणजे करार अमलात आला असे नाही, हे युनियनवाल्याला कोणी शिकवावे लागत नाही. अशा नात्याला आम्ही तीन कसोट्या लावतो. पहिली, येणे-जाणे दोन्ही बाजूंनी आहे का? स्कॉटलंडचा शिक्षक उन्हाळ्यात सहज मलावीला जातो. मलावीच्या शिक्षकाला विलायतेचा परवाना मिळताना नाकी नऊ येतात, आणि खुद्द स्कॉटलंडच्या मित्रांनाच त्याविरुद्ध आपल्या सरकारशी झगडावे लागले आहे. दुसरी, नाते माणसावर उभे आहे की संस्थेवर? एका हौशी मास्तरणीने पत्रव्यवहार सुरू केला, ती निवृत्त झाली आणि पत्रे थांबली, तर ती ओळख होती, भागीदारी नव्हे. तिसरी कसोटी सर्वांत अवघड. मलावीची शाळा स्कॉटलंडच्या शाळेला 'हे आम्हांला नको' असे म्हणू शकते का? संगणक नको, त्याऐवजी शिक्षिकेसाठी घर बांधा, असे तिने म्हटले तर ते ऐकले जाते का? ज्याला नाही म्हणता येते तोच वर्गणीदार.

कोणी म्हणेल, ही सारी ख्रिस्ती मंडळींची भानगड, आपला संबंध काय? संबंध आहे. आपल्या गावातल्या कितीतरी शाळा परदेशी पैशावर, परगावच्या धनिकाच्या पैशावर किंवा कारखान्याच्या धर्मादायावर उभ्या राहिल्या. त्यांच्या दारावर दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी आहे. ती पाटी काढा असे आम्ही म्हणत नाही. तिच्याखाली आणखी एक पाटी लावावी आणि तीवर ज्या मजुरांच्या श्रमातून तो पैसा उभा राहिला त्यांची आणि ज्या पालकांनी फी भरली त्यांची नोंद करावी, इतके मात्र म्हणतो. आणि शाळेची वार्षिक सभा असेल त्या दिवशी त्या पालकांना खुर्ची द्यावी, हिशेब वाचून दाखवावा.

विल्यम कोईच्या परवानगीला दहा वर्षे लागली, पहिल्या आफ्रिकी पाद्र्याच्या दीक्षेला एकोणचाळीस आणि महासभेच्या पाठिंब्याला चौऱ्याऐंशी. ही नाती फार सावकाश सुधारतात. पण सुधारतात ती दात्याला अचानक उपरती झाली म्हणून नव्हे, तर घेणाऱ्याने शिकून हिशेब विचारला म्हणून. तो विचारण्याची सवय आपल्या मुलांना लागावी, ह्यासाठी शाळा पाहिजेत, मग त्या कोणाच्या का पैशाने निघेनात.